किनाऱ्यावरच्या पाच पिढ्या : कादंबरी वाड्यातून सांगायची की बंदरातून?

खाजणवाट

हर्णै, आंजर्ले आणि केळशी या पट्ट्यावर बेतलेली घराण्याची कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ १७५५ ते १९५७. कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला तिथपासून १ एप्रिल १९५७ला कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली तिथपर्यंत. दोनशे वर्षांचा पल्ला मोठा आहे हे कळतं, पण यातलं एकही टोक सोडवत नाही.

कोकणातल्या घराण्याची गोष्ट म्हटली की लिहिणाऱ्याचे पाय आपोआप वाड्याकडे वळतात. ओटी, माजघर, माळ्यावरची पेटी, भाऊबंदकी, वाटणी आणि शेवटी दाराला कुलूप. समुद्र असतो, पण आगराच्या पलीकडे दिसणारा. घरातल्या कुणाचंही नशीब भरती-ओहोटीवर अवलंबून नसतं. मला हे उलट करायचं आहे. बंदरात कोणाचं पोट कशावर चालत होतं ते आधी मांडायचं आणि घराणं त्यातून वर येऊ द्यायचं.

१७५५चंच घ्या. या परिसरातली माणसं तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात होती. एप्रिलमध्ये त्यांच्यावर इंग्रजांनी तोफा डागल्या, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज आणि आरमार इंग्रजांच्या बाजूने होतं. थोरला भाऊ आंग्र्यांच्या गलबतावर आणि धाकटा पेशव्यांच्या फौजेत, हे रचायला कल्पनेला ताण द्यावा लागत नाही. मग पाऊस आला, समुद्र बंद झाला. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. मधल्या पावसाळ्यात हर्णैची माणसं काय करत असतील? किल्ला गेलेला, धनी अजून विजयदुर्गात तग धरून, चाकरी कोणाकडे मागायची ते ठाऊक नाही, आणि नारळी पौर्णिमेला नारळ तर वाहायचाच आहे. माझं पहिलं प्रकरण लढाईचं नाही, या पावसाळ्याचं आहे.

अडचण त्यानंतर येते. १८१८ नंतर आरमाराची चाकरी हा मार्गच संपला. तांडेलाच्या, म्हणजे गलबताच्या म्होरक्याच्या, नातवाने काय करावं? मालवाहू फतेमारीवर जावं, गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची जमीन कसून त्याचं कूळ व्हावं, की दापोलीच्या पलटणीची वाट धरावी? एक आडनाव धरून चाललं की प्रत्येक वळणावर गावातली निम्मी गोष्ट हातून सुटते. तुम्ही यातून कसे गेलात? गाव खऱ्या नावाचं ठेवावं का? कागद कुठे शोधावेत? लांब प्रतिसाद हवेच आहेत.

बोरू

विषय जिव्हाळ्याचा काढलात. कागदांबद्दल लिहितो.

पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर मोडीत आहे, रुमालांत बांधलेलं. मोडी स्वतः शिका. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेता येतं, पण कादंबरीकाराला हवा असतो तो कागद अभ्यासकाच्या लेखी बिनमहत्त्वाचा असतो. कुणाचा पडाव (छोटी होडी) फुटला, कुणाच्या आगराचा सारा माफ झाला, कुणी कुणाच्या बांधाची उघाडी (पाणी सोडायचं दार) रात्रीतून मोकळी केली. तो कागद आपला आहे हे आपल्यालाच ओळखावं लागतं.

तारखांकडे नीट लक्ष द्या. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी अंकनामांत. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५५. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. त्या हिशेबाने सुवर्णदुर्ग पडला तो एप्रिल ११५५ सालात, म्हणजे १७५५मध्ये बसतो. हे चुकलं तर मुलगा बापाच्या आधी जन्मतो. इंग्रजांच्या कागदांतली गोम वेगळी आहे. सप्टेंबर १७५२च्या आधी ते जुनं पंचांग पाळत होते, पोर्तुगीज मात्र १५८२पासून नवं. म्हणून १७३९च्या वसईच्या वेढ्याच्या वेळी एकाच दिवसाची इंग्रजी आणि पोर्तुगीज तारीख ११ दिवसांनी वेगळी पडते. तुम्ही मागे वसईपर्यंत गेलात तर हे लागेल.

आता तुमच्या बंदराच्या कामाची गोष्ट. जुन्या पत्रांवर तिथी असते, आणि तिथी कळली की भरती कळते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनव-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे. दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते, खाडीत आत जावं तशी पुढे सरकते. तरी त्यावरून दोनशे सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी आंजर्ल्याच्या खाडीत पाणी होतं की नुसता चिखल, हे सांगता येतं. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या भरतीला पाणी फार चढत नाही, त्यामुळे भरलेलं गलबत खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडताना अडतं. पात्रांच्या येण्याजाण्याची वेळ घड्याळाने न ठरवता तिथीने ठरवा. बंदर कथानकात आपोआप शिरेल.

समुद्रपक्षी

बोरूंचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. कुलवृत्तांतांचाही उपयोग होईल. शिवाय नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कोकणातल्या घराण्यांचे लेख असतात. कोण कोणाला घेऊन आला, बापाचं नाव, आजोबांचं नाव, गाव.

कौलारू

मी बांधकामाच्या व्यवसायात आहे, जुनी घरं उतरवताना आणि दुरुस्त करताना बरंच पाहिलं आहे. ऐतिहासिक कादंबरीत राजा-महाराजांची सनावळी बिनचूक असते आणि घराचं छप्पर चुकलेलं असतं. कोकण म्हटलं की लेखक डोळे मिटून लाल मंगलोरी कौलं घालतात. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना सुरू झाला १८६५मध्ये. त्याआधी ती कौलं कुठून येणार? गवत, झावळ्या, पेंढा, आणि ऐपत असेल त्याच्याकडे नळ्यांची कौलं. नळे दरवर्षी पावसाआधी परतावे लागतात. वैशाखातला आठवडाभर घरात धूळ, वर माणसं, खाली आवराआवर. मंगलोरी कौलं आली तेव्हा ते काम घटलं. या बदलासकट छप्पर लिहिलंत तर एका पिढीतून दुसरीत जाणं सन न सांगता कळेल.

अशा आणखी काही गोष्टी. मनीऑर्डर १८८०पासूनची आहे. त्याआधी मुंबईतल्या चाकरमान्याचे पैसे ओळखीच्या माणसाच्या हाती यायचे किंवा सावकाराच्या हुंडीने. त्यातून होणारे संशय, तंटे, वाट पाहणं हे सगळं १८८०च्या अलीकडच्या प्रकरणात घालू नका. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६च्या सुमारास चालू झाली, म्हणजे १८५०मध्ये गिरणीत जाणारा मुलगा नको. काजू, मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्यामुळे तुमच्या १७५५च्या स्वयंपाकघरात त्या दोन्ही चालतील. रॉकेलची चिमणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याआधी उंडीचं, करंजाचं, खोबऱ्याचं तेल. उंडीच्या तेलाच्या दिव्याला वास असतो आणि काजळी फार धरते. रात्रीचे प्रसंग लिहिताना उजेड किती होता याचा विचार करा. पत्र वाचायला माणूस दिव्याजवळ किती वाकत असेल!

माहेरवाशीण

वर कुलवृत्तांतांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी आमचा कुलवृत्तांत पुष्कळदा वाचला आहे. त्यात पुरुषाचं शिक्षण, नोकरी, कुठे स्थायिक झाला, सगळं असतं. बाईच्या वाट्याला एक ओळ. अमक्याची मुलगी, सासरचं नाव अमुक. माहेरच्या पुस्तकात ती लग्न होऊन नाहीशी होते आणि सासरच्या पुस्तकात दुसऱ्या नावाने उगवते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय ती एकच बाई आहे हे कळत नाही.

खाजणवाट, तुम्ही विचारलंत की एक आडनाव धरलं की निम्मी गोष्ट सुटते. मग आडनाव धरूच नका. मुलींच्या वाटेने जा. आंजर्ल्याची लेक हर्णैला दिली, तिची लेक दाभोळला, तिची गिरगावात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. दर पिढीत घर बदलतं, स्वयंपाक बदलतो, कुळाचार बदलतो, आणि जाताना ती मागच्या घरातलं काय घेऊन जाते एवढंच टिकतं. दागिन्यांविषयी म्हणत नाही, दागिने तर काढूनच घेतले जायचे. कुठल्या पाण्यात कुठले तिसरे (शिंपले) मिळतात, उकडीचा अंदाज, एखादी ओवी, बाळंतिणीचं औषध.

विधवांचं प्रकरण घालणार असाल तर कायदा बघून घाला. एकत्र कुटुंबातल्या विधवेला १९३७च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क नव्हता, पोटगी मागता यायची. पोटगीचे दावे लागलेले आहेत. त्यांत बाईचं म्हणणं वकिलाच्या भाषेत का होईना नोंदलेलं सापडतं, तिला वर्षाला किती भात, किती लुगडी हवी होती तेही. शेजारचं मुरूड तुमच्या टापूतच आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये पुनर्विवाह केला तेव्हा गावाने बहिष्कार घातला. मोठ्या माणसाच्या चरित्रात तो एक प्रसंग आहे. पण त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून घरी परतलेल्या गावकऱ्यांच्या घरांतही बालविधवा होत्या. त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, हे कादंबरीच सांगू शकते.

खाजणवाट

माहेरवाशीण, तुमचा प्रतिसाद वाचून आराखडा उलगडून परत मांडायला बसलो. मुलींच्या वाटेने जाण्याची कल्पना फार मोलाची आहे. कौलारू, नळे परतण्याचा आठवडा पहिल्या भागात येणारच.

अजून एक गोष्ट लिहितो. आगबोटींचा काळ मला मधला कणा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोट आली आणि बंदराचा अर्थ बदलला. आधी बंदर माल पाठवायचं, मग माणसं पाठवायला लागलं. हर्णैला बोट दूर उभी राहायची. धक्का नाही, पडावातून उतरायचं. पावसाळ्यात इकडची सेवा बंद, त्यामुळे जूनमध्ये मुंबईत कोणी वारलं तर गावाला फक्त तार किंवा पत्र. १८९६च्या प्लेगात मुंबई सोडून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले, त्यांतले बरेच याच वाटेने. आणि १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अलिबागकडच्या कितीतरी गावांत त्या १५ ऑगस्टला काय वातावरण असेल! माझ्या कादंबरीतली एक मुलगी रेवस भागात दिलेली असावी असं आता वाटतं.

वाशिष्ठी

आमचं घराणं खोतांचं. विनंती एवढीच की खोत म्हणजे झोपाळ्यावर बसून हुकूम सोडणारा एकटा माणूस, असं चित्र काढू नका. पुष्कळ गावांत खोती तक्षिमांत वाटलेली होती. भाऊबंदांत पाळीपाळीने एकेकाने वर्षाचा कारभार करायचा. सरकारला सारा भरायची जबाबदारी त्या वर्षाच्या कारभाऱ्यावर. पीक बुडालं, कुळाने दिलं नाही, तरी भरायचा. पिढ्यांगणिक वाटे होत एकेकाच्या वाट्याला आण्या-पैचा हिस्सा उरला. असा खोत ऐपतीने कुळाच्या जवळपासच असायचा, फक्त मान राहिला होता आणि त्या मानाचा खर्च झेपत नव्हता. कर्जबाजारी खोताची मुलं मुंबईला कारकुनीत गेली ती हौसेने नाही गेली.

जमीन गेल्याचं दुःख घरात खरं होतं. ते दुःख न्याय्य होतं की नाही हे कादंबरीने ठरवू नये, पण असूच नये असंही करू नये.

पडवी

वाशिष्ठी यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, म्हणून मीही तितकंच मोकळेपणाने लिहिते. मी कुळाच्या घरातली. तक्षिमदार खोत गरीब असेल, पण कूळ त्याच्याकडे वेठीला जायचं, तो कुळाकडे कधी गेला नाही. भातात अर्धा हिस्सा, नारळ-सुपारीतला वेगळा, शिवाय वेठ. खोताच्या घरचं लग्न म्हणजे कुळांच्या घरचे फुकटाचे दिवस. आपली लावणी खोळंबलेली असताना आधी त्याची लावणी. १८८०चा खोती कायदा झाला तेव्हा कोणत्या कुळाचा हक्क कागदावर आला आणि कोणाचा राहिला, यावर पुढच्या सत्तर वर्षांचं नशीब ठरलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवल्या. सहा वर्षं! समोर आपलीच खाचरं आणि त्यात भात लावायचं नाही, ही शपथ पाळायची. मधल्या काळात जंगलात लाकूडतोड, करवंदं विकणं, मिळेल ती मजुरी. १९३७मध्ये बाबासाहेबांनी खोतीविरोधी विधेयक मांडलं, खोती जायला मात्र १९४९ उजाडावं लागलं.

१ एप्रिल १९५७ ही तारीख तुम्ही शेवट म्हणून घेतली आहे. वाड्याच्या बाजूने तो शेवट असेल. आमच्या घरी गोष्ट तिथून सुरू होते. शिवाय त्या दिवशी सगळी कुळं सुखाने मालक झाली असंही नाही. ज्यांची नावं सात-बारावर लागलेलीच नव्हती त्यांचं काय झालं? ज्यांनी दबावाखाली आधीच राजीनामे लिहून दिले होते? तलाठ्याकडचे जुने फेरफार काढा. दोन ओळींच्या नोंदी असतात, पण कुणाचं नाव कधी कमी झालं ते दिसतं.

आणि माहेरवाशीणताई, मुलींच्या वाटेने जायचं तुमचं म्हणणं पटतं, तरी एक अडचण सांगते. लेक द्यायची ती जातीतच. त्या वाटेने किनाऱ्याची लांबी सगळी फिरून होईल, गावाची रुंदी मात्र ओलांडता येणार नाही. आंजर्ल्याहून मुंबईपर्यंत पोचाल आणि गावच्याच खालच्या वाडीत पाऊल पडलेलं नसेल. दापोलीच्या कॅम्पाचं बघा. पेन्शनीत निघालेल्या महार सैनिकांची घरं तिथे होती. घरात शिक्षण, अंगावर गणवेशाचा मान, आणि १८९०च्या दशकात सरकारने महारांची भरतीच थांबवली. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यातलेच निवृत्त सैनिक, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. आजोबा सुभेदार आणि नातवाला शिपाई म्हणूनही घेत नाहीत, ही तीन पिढ्यांची कादंबरी हर्णैपासून हाकेच्या अंतरावर आहे. तुमच्या कोणत्या पात्राच्या लग्नाने तुम्ही तिथे पोचणार?

माहेरवाशीण

पडवी, हे मनापासून मान्य. यावर रात्रभर विचार केला. लग्नाने नाही, बाळंतपणाने पोचता येईल. सुईण सगळ्यांच्या घरी जायची. जिला एरवी ओटीवर चढू देत नसत तिच्याच हातात त्या घरातलं मूल पहिल्यांदा यायचं, आणि मग दहाव्या दिवशी घर तिच्यापासून शुद्ध करून घ्यायचं. पाच पिढ्यांची सगळ्यांची नाळ तिच्या घराण्याने कापली असेल तर गावाचा खरा वृत्तांत तिच्याकडे आहे.

दर्याफिरस्ती

मोहल्ला राहिलाय. हर्णै, दाभोळ, बाणकोट, कुठेही जा, कोकणी मुसलमानांशिवाय बंदर पुरं होत नाही. नाखवे, तांडेल, पुढे इंग्रजांच्या आगबोटींवर खलाशी, आणि कित्येक घराणी खोतसुद्धा. खोत म्हणजे एकाच जातीचा, हा समज कादंबऱ्यांनीच पक्का केलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्याकडची माणसं दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेली, आजही तिथे कोकणी म्हणवणारी घरं आहेत. नंतर आखात. मनीऑर्डर मुंबईची असो की दिनार कुवेतचा, गावातल्या बायकांनी एकटीने घर चालवायची रीत तीच.

आणि उत्तरेला सरकलात तर अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायली ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून, घरात मराठी. १९४८नंतर बहुतेक इस्रायलला गेले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजवरून घडलेली बोली बोलतात, वसईची सत्ता १७३९-४०मध्ये गेली तरी. एवढ्याशा किनाऱ्यावर इतकं सगळं असताना वाड्यातच का बसायचं?

बोरू

सगळं एका कादंबरीत मावणार नाही हेही ध्यानात ठेवायला हवं. दर्याफिरस्ती यांनी सांगितलेल्या प्रत्येक समाजाला एकेक प्रकरण दिलं तर ते गॅझेटिअर होईल. १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर आहेच, ते जरूर वाचा, पण त्याच्यासारखं लिहू नका. जे कथानकाला अडतं तेवढंच आत घ्यावं.

गावाच्या नावाबद्दल माझं मत देतो. बंदरं, किल्ले, नद्या खऱ्या ठेवा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, भारजेच्या मुखाशी केळशी, जोगनदीच्या मुखाशी आंजर्लं, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ. त्यांच्यामध्ये आपलं एक कल्पित गाव बसवा. वारा, भरती, बोटीचं वेळापत्रक सगळं खऱ्याचं चालेल आणि कुठल्याही खऱ्या घराण्याच्या अब्रूला हात लागणार नाही. गावकीत आजही मानापानाचे वाद जिवंत आहेत, पालखी कोणाच्या दारात आधी थांबते यावरून माणसं बोलायची थांबतात.

रानमोगरा

बोलीविषयी कोणीच लिहिलं नाही. कादंबरी हर्णैची आणि माणसं मालवणी बोलतायत, असं करू नका. ‘माका ठावक नाय’ हे तळकोकणातलं. दापोलीकडे बाणकोटी, संगमेश्वरी वळणाची बोली, मोहल्ल्यातली निराळी, ब्राह्मण घरांतली जुनी चित्पावनी आणखी निराळी. सिनेमा-नाटकांमुळे सगळं कोकण मालवणी बोलतं असं घाटावरच्यांना वाटतं, त्याला खतपाणी नको. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद बोलीत, आणि खाली तळटिपा देऊ नका. वाचकाला चार पानांत कान लागतो.

खाजणवाट

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा आता असा झाला आहे. एका कल्पित खाडीवरची तीन घरं. खाडीच्या मुखाशी भंडारी तांडेलाचं, मधे तक्षिमदार खोताचं, वरच्या अंगाला सुईणीचं, जिचा भाऊ पलटणीत जातो आणि पेन्शनीनंतर दापोलीच्या कॅम्पात घर करतो. ही तीन घरं एकमेकांशी लग्नाने कधीच जोडली जाणार नाहीत. जोडणार ती कर्जाच्या वहीने, पडावाच्या खेपांनी आणि बाळंतपणांनी. पिढ्यांना सारखी पानं देणार नाही. १८१८ ते १८५० हा काळ पंधरा-वीस पानांत संपवीन, प्लेगाची दोन वर्षं मात्र दीडशे पानं घेतील असं दिसतंय. शेवट १९५७चाच, पण पडवींनी म्हटलं तसा सुईणीच्या घरातून. तिथे नाव लागलेलं नाही.

प्लेगाच्या भागातला पहिला परिच्छेद इथे देतो. मतं कळवा.

“फाल्गुन वद्य नवमीला दुपारी बोट हर्णैच्या समोर येऊन उभी राहिली. पडाव लागला तशी बायकांनी आधी पोरं खाली सोडली. सरस्वतीने मुलाला पोटाशी बांधला होता, त्याचा ताप लुगड्यातून तिच्या कातडीला लागत होता. शेजारच्या म्हातारीने विचारलं, पोराला काय झालंय, तेव्हा ती म्हणाली, दात येतायत. म्हातारीने हात पुढे केला नाही. पडावातली माणसं थोडी थोडी सरकली आणि सरस्वतीच्या दोन्ही बाजूंना जागा झाली. तांडेलाचा यशवंत वल्ह्यावर होता. त्याने सगळं पाहिलं आणि काहीच न पाहिल्यासारखं पडाव खाडीच्या रोखाने वळवला.”

बोरू

चांगला उतरला आहे. ‘दात येतायत’ फार खरं.

तिथीचा उपयोग आणखी करून घ्या. नवमी म्हणजे भांगाचे दिवस. भरती पावणेसातच्या आसपास सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे भर दुपारी पूर्ण ओहोटी. यशवंतचा पडाव त्या वेळी खाडीत शिरणारच नाही, मुखाशीच टेकेल. मग एक तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी पडावात त्या तापलेल्या पोरासकट बसून राहायचं, नाही तर चिखलातून चालत जायचं. बसून राहिले तर यशवंतलाही ठरवावं लागेल की तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसायचं का. तुमचं प्रकरण त्या चार-पाच तासांत आहे.

खाजणवाट

बोरू, तसंच करतो. पडाव टेकणार, आणि उतरून चालत जाण्याचा पर्याय फक्त पुरुष घेणार. आता सुईणीच्या घराबद्दल मला सगळ्यांत कमी माहिती आहे. बाळंतपणाला बोलावणं कसं जायचं, मोबदला काय मिळायचा, धान्य, लुगडं की आणखी काही, आणि वेठीच्या दिवशी बोलावणं आलं तर काय व्हायचं, हे कुणाच्या घरात ऐकलेलं असेल तर लिहा.

पडवी

माझ्या आजीची आई हेच काम करायची. मुलगा झाला तर आणि मुलगी झाली तर मोबदला वेगळा असायचा, एवढं आजीच्या बोलण्यात नेहमी आलंय. आजी ब्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं पण आठवण पक्की आहे. तिच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण केलं आहे, त्यात वेठीबद्दलही आहे. तिला विचारून, तिची हरकत नसेल तेवढा भाग लिहून काढते आणि तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तिचं नाव आणि गाव कुठेही येऊ देऊ नका.